आबांची गोळी आणि चार हजार कोंबड्या

या आठवड्याचं पत्र भांडुपहून आलं आहे. बरंच लांब होतं, कामापुरतं देतो.

“डॉक्टर, माझं माहेर मुरबाडकडचं. धाकट्या भावाची चार हजार पक्ष्यांची शेड आहे, कंपनीच्या करारावर. या बॅचला २४व्या दिवसापासून मरतूक सुरू झाली. पोट फुगतं, हात लावला तर पाण्याची पिशवी धरल्यासारखं वाटतं. तुरा जांभळा पडतो, पक्षी चोच उघडी टाकून धापा टाकतो आणि दोन दिवसांत जातो. काही तर चांगले धडधाकट असतात, एकदम पंख फडफडवून उताणे पडतात आणि संपतात. शेजारच्या शेडवाल्याने सांगितलं, हा हार्टचा आजार आहे, माणसाची हार्टची गोळी टाकीत टाक. आमच्या आबांना एनालॅप्रिल ५ चालू आहे. भावाने घरातल्या दोन स्ट्रिप हजार लिटरच्या टाकीत विरघळवल्या. त्या दोन दिवसांत इकडे आभाळ आलं होतं, थंडी कमी होती, मरतूक २२ वरून १४ वर आली. भाऊ म्हणतो गोळीने पक्षी चमकले, वजनही धरायला लागले. आज ३०वा दिवस आहे. आता मला फोन करतो की ताई, शनिवारी येशील तेव्हा प्रिन्सेस स्ट्रीटवरून ठोकात चाळीस स्ट्रिप घेऊन ये. आबांना तेव्हापासून गोळीच नाही, हे मला काल बोलता बोलता कळलं. मी गोळ्या नेऊ का? त्याने कोंबडी खरंच वाढते का? आणि त्याच शेडची कोंबडी आमच्याकडे रविवारी असते, ती मुलांना घालू का? भावाला दुखवायचं नाही. गेल्या बॅचलाही तो तोट्यात गेला.”

ताई,

आधी आबा. शनिवारची वाट बघू नका. त्यांची गोळी मुरबाडच्या केमिस्टकडून आजच्या आज घरात आली पाहिजे, त्यांच्या नावाच्या चिठ्ठीवर. बुडालेल्या गोळ्या भरून काढायला दोन-दोन एकदम घेऊ देऊ नका, नेहमीच्या वेळेला नेहमीची एक. रक्तदाब मोजून घ्या आणि त्यांच्या डॉक्टरांना खरं काय झालं ते सांगा. लाजेखातर “विसरले” म्हणू नका. मी जनावरांचा डॉक्टर, आबांच्या बाबतीत माझा अधिकार इथे संपतो. पण तुमच्या अख्ख्या पत्रात ज्याला त्या गोळीची खरी गरज आहे असा जीव एकच, आणि नेमका तोच उपाशी राहिला, हे मला आधी लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

चाळीस स्ट्रिप नेऊ नका. त्या गोळ्या चिठ्ठीशिवाय विकायच्या नसतात. प्रिन्सेस स्ट्रीटवर ओळखीने मिळतीलही, तरी नेऊ नका. आता का ते सांगतो, कारण भावाला नुसतं “डॉक्टर नको म्हणाले” सांगून तो ऐकणार नाही आणि त्याने ऐकावं असंही मला वाटत नाही.

भाऊ सांगतो तो आजार म्हणजे जलोदर, शेडवरच्या भाषेत असायटिस. शेजाऱ्याने त्याला हार्टचा आजार म्हटलं ते अर्धं खरं आहे. मेलेला पक्षी फाडला तर हृदय सैल, फुगलेलं दिसतं, उजवी बाजू तर लोंबल्यासारखी. कुणालाही वाटेल, बिघाड इथेच. पण ते हृदय आजारी म्हणून सुरुवातीला निघालेलंच नसतं. त्याला झेपणार नाही इतक्या कामाला जुंपलं जातं, आणि ते काम वाढवणारा वेगळाच असतो.

कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात एक प्रयोग झाला. १९५७ साली होती तशी जुन्या वाणाची कोंबडी त्यांनी जपून ठेवली होती. ती आणि २००५ सालची ब्रॉयलर, म्हणजे मांसासाठीच्या वाणाची कोंबडी, दोघींना एकच खाद्य, एकच निगा. ५६व्या दिवशी जुनी भरली ९०५ ग्रॅम आणि नवी ४२०२ ग्रॅम. साडेचार पटींहून जास्त, आणि तेही कुठलं इंजेक्शन नाही, हार्मोन नाही, निव्वळ निवडीच्या जोरावर. (हार्मोनबद्दल मला महिन्याला दहा पत्रं येतात, त्यांचं उत्तर यातच धरा.) आपल्याकडे चाळीस-बेचाळीस ग्रॅमचं पिल्लू ३५ दिवसांत दोन किलोच्या आसपास जातं. एवढं मांस रोज चढवायचं तर प्राणवायू तितकाच लागतो. रक्त फुप्फुसातून तितकंच फिरावं लागतं.

आणि फुप्फुस? पक्ष्याचं फुप्फुस आपल्यासारखं फुगत-मिटत नाही. ते बरगड्यांना चिकटून, घट्ट बसवल्यासारखं असतं. त्यातल्या बारीक रक्तवाहिन्या ताणून रुंद होतील अशी फारशी सोय नाही. दादरचा जुना जिना आठवा. गाड्या नऊ डब्यांच्या बारा झाल्या, बाराच्या पंधरा झाल्या, माणसं तेवढी वाढली, जिना तेवढाच राहिला. मागून येणाऱ्याने रेटा देण्यावाचून दुसरा इलाज नसतो. कोंबडीत हा रेटा देतं हृदयाचं उजवं दालन. रोज जास्त रेटा देता देता त्याचा स्नायू जाड होतो. त्यात पक्ष्यांची एक खोड आहे. आपल्या हृदयात त्या जागी पातळ पडद्यांची झडप असते, पक्ष्यांत तीच झडप स्नायूची. दालनाबरोबर तीही जाड होते, मग नीट मिटत नाही, रक्त मागे फिरतं. मागे आहे यकृत. तिथे दाब साचला की यकृताच्या पृष्ठभागावरून रक्तातलं पाणी पोटात पाझरायला लागतं. भावाच्या हाताला लागते ती पिशवी या पाण्याची. पिवळसर पाणी, त्यात जेलीसारख्या गाठी.

म्हणजे कळ दाबणारं आहे वाढ, अडकलंय फुप्फुसात, आणि औषध चाललंय हृदयाला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

तरी शेजाऱ्याला मी वेड्यात काढणार नाही. पक्ष्याला माणसाची हार्टची औषधं देऊन बघण्याचा विचार त्याच्या डोक्यातून पहिल्यांदा निघालेला नाही, आणि त्यातला एक धागा तर थेट आमच्या परळला येतो. मी शिकलो ते पशुवैद्यकीय महाविद्यालय परळचं, १८८६ सालचं. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर केईएम रुग्णालय. त्या केईएममधल्या डॉ. रुस्तम जाल वकिलांनी सर्पगंधेचं औषध रक्तदाबाच्या रोग्यांना देऊन त्याचा अनुभव १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला आणि जगाचे डोळे उघडले. १९५७ साली त्यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. त्याच सर्पगंधेतून निघालेलं रेसर्पिन पुढे अमेरिकेत टर्कीच्या खाद्यात मिसळलं गेलं. झपाट्याने वाढणाऱ्या टर्की नरांची महारोहिणी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य धमनी, रक्तदाबाने फुटायची आणि पक्षी जागीच जायचा. रेसर्पिनने दाब उतरला, मरतूक उतरली. कॉलेजात असताना हे ऐकून मला फार अभिमान वाटला होता. पुढे औषधशास्त्राच्या सरांनी हवा काढली. रेसर्पिनची मात्रा जरा चढली की पक्षी पेंगतो, खाणं सोडतो, म्हणजे ज्या वाढीसाठी त्याला पाळलं तीच खाली येते.

जलोदरावरही असे प्रयोग झालेत. अर्कान्सा विद्यापीठात रॉबर्ट वाइडमन यांनी या आजारावर आयुष्यातली कितीतरी वर्षं घातली. त्यांच्या १९९५ सालच्या कामात थंडीत ठेवलेल्या ब्रॉयलरना फ्युरोसेमाइड, म्हणजे लघवी वाढवणारं औषध, दिल्यावर जलोदराचं प्रमाण घटलं. त्याच वर्षी आर्जिनिननेही ते घटवून दाखवलं. आर्जिनिन हे औषधही नाही, प्रथिनाचा एक घटक आहे. कोंबडीला ते स्वतःच्या शरीरात बनवता येत नाही, खाद्यातूनच मिळावं लागतं. त्यापासून नायट्रिक ऑक्साइड तयार होतो आणि तो रक्तवाहिन्या सैल सोडतो. छातीत कळ आली की जिभेखाली गोळी ठेवतात ना, तिचं कामही शेवटी याच वाटेने होतं. एनालॅप्रिलच्या जातीची औषधंही प्रयोगात वापरून झाली आहेत. तेव्हा “कोंबडीला हार्टच्या गोळीचा काडीचा उपयोग नाही” असं मी लिहिणार नाही. मोजून घेतलेले पक्षी, मोजून दिलेली मात्रा, आणि शेवटी ते पक्षी कुणाच्या ताटात जायचे नाहीत, अशा ठिकाणी उपयोग दिसतो.

आता तुमच्या भावाची टाकी घ्या. हिशेब मी त्याच्यासाठीच मांडतो, तो आकड्यांचा माणूस असणार, कराराच्या शेडवाल्याला व्हावंच लागतं. ३०व्या दिवशी पक्षी साधारण दीड किलोचा धरू. चार हजार पक्षी म्हणजे सहा हजार किलो जिवंत वजन. दोन स्ट्रिप म्हणजे वीस गोळ्या, पाचाच्या, एकूण १०० मिलिग्रॅम. आम्ही कुत्र्याच्या हृदयविकाराला एनालॅप्रिल देतो तेव्हा किलोमागे साधारण अर्धा मिलिग्रॅम देतो. त्या मापाने शेडला दिवसाला ३००० मिलिग्रॅम लागेल. सहाशे गोळ्या. साठ स्ट्रिप, रोज. त्याने टाकल्या दोन, म्हणजे तिसावा हिस्सा, आणि तुम्हाला आणायला सांगितलेल्या चाळीस स्ट्रिप एक दिवसही पुरणार नाहीत.

मग मरतूक २२ वरून १४ वर कशी आली? तुम्हीच लिहिलंय, आभाळ आलं होतं. ढगाळ रात्र ऊबदार असते. थंडीत पक्ष्याला अंग गरम ठेवायलाही प्राणवायू जाळावा लागतो, म्हणून जलोदर पौषात बोकाळतो. थंडी दोन रात्री हटली, रेटा कमी झाला. शिवाय सगळ्यात कमजोर होते ते आदल्या चार दिवसांत गेलेच होते. कावळा बसला आणि फांदी तुटली.

त्याहून मोठी गोची दुसरीच आहे, आणि पाण्यातून दिलेल्या प्रत्येक औषधाला ती लागू पडते. पाणी पितो कोण? निपलपाशी, म्हणजे पाण्याच्या तोटीपाशी, धक्के मारून पोचणारा तरतरीत पक्षी. ज्याचं पोट फुगलंय तो कोपऱ्यात बसून असतो, ना खातो ना पितो. म्हणजे औषध पोचतं ज्याला नको त्याला. धडधाकट कोंबडीचा रक्तदाब खाली आणण्यात काय हशील? मात्रा खरोखर साठ स्ट्रिपवर नेली, तर ज्यांनी जास्त प्यायलं त्यांचा दाब नको इतका उतरेल, ते सुस्तावतील, मूत्रपिंडाकडे रक्त कमी जाईल. कोंबडीचं मूत्रपिंड रुसलं की युरिक ॲसिड साचतं आणि काळजा-हृदयावर खडूची पूड शिंपडल्यासारखा थर दिसतो. गाऊट. शेडवाल्यांना तो दाखवावा लागत नाही, त्यांनी पाहिलेला असतो.

वाढीचं विचारलंत. नाही, या गोळीने कोंबडी वाढत नाही. तिच्यात वाढवण्यासारखं काही नाहीच. जलोदर होऊ घातलेला पक्षी वाचला तर तो खातो आणि वजन धरतो, एवढाच संबंध. काही हार्टच्या गोळ्या तर उलट्या पडतात. प्रोप्रानोलॉलसारखी गोळी ठोके कमी करते. ब्रॉयलरचं हृदय मिनिटाला तीनशेच्या वर पळत असतं, ते हौसेने पळत नाही, एवढं अंग पोसायचं म्हणून पळतं. त्याला लगाम घातला की अंगाला रक्त कमी. भावाला “चमकले” दिसले ते मला खोटं वाटत नाही. दोन रात्री थंडी वाजली नाही तर कोंबडी काय, मीही चमकतो.

हे वाचून शेजारी आता फ्युरोसेमाइड सुचवेल, लघवीची गोळी. वर त्याचं नाव मीच घेतलंय, म्हणून आधीच सांगून ठेवतो. प्रयोगाचा पिंजरा वेगळा, जमिनीवर तूस अंथरलेली शेड वेगळी. लघवीची गोळी दिली की पक्षी जास्त पाणी पितो आणि तेच पाणी खाली सोडतो. तूस भिजतं, भिजलेल्या तुसातून अमोनिया उठतो, अमोनिया फुप्फुस जाळतो, आणि आजाराचं मूळच तिथे. आगीतून फुफाट्यात.

आता ताटाचं. जनावरांच्या औषधांच्या लेबलावर एक ओळ असते: शेवटची मात्रा दिल्यापासून किती दिवस दूध, अंडी, मांस वापरायचं नाही. २०१२ साली आपल्या औषध नियमांत हे आलं. एखाद्या औषधाचा असा काळ तपासून ठरवलेला नसेल, तर कोंबडीच्या मांसासाठी तो किमान २८ दिवस धरायचा. आबांच्या स्ट्रिपवर ही ओळ कुठून असणार? ती माणसासाठी केलेली गोळी, आबांना कुणी कापून खाणार नाही. म्हणजे धरायचे ते २८ दिवसच. पक्षी आज तीस दिवसांचा. आजपासून मोजलं तर ५८वा दिवस उजाडेल, आणि कंपनीची गाडी चाळिसाव्याला दारात असेल. बेचाळीस दिवस जगणाऱ्या जीवाला अठ्ठावीस दिवसांचं पथ्य लावणं म्हणजे ते औषध त्याला द्यायचंच नाही, असं सरळ वाचा.

भीती घालत नाही. जी मात्रा गेली ती इतकी किरकोळ आहे की एका जेवणाने मुलांना काही होईल असं मला वाटत नाही. पण या बॅचची कोंबडी मी माझ्या घरात आणणार नाही, कलेजी तर नाहीच, कारण औषधं यकृत-मूत्रपिंडातून बाहेर पडतात, आणि शिजवल्याने औषध जातंच असं नाही. पोट फुगलेला पक्षी तर औषध दिलेलं असो-नसो, खायचा नाही. गावात असे पक्षी अर्ध्या भावात हातोहात जातात हे मला ठाऊक आहे. भावाला सांगा, ते विकू नको, खड्डा खण आणि चुना टाकून पूर.

इथे माझी एक गोष्ट कबूल करतो. १९९०च्या दशकात मीही लंगडणाऱ्या गाई-बैलांना डायक्लोफेनॅक टोचत होतो. स्वस्त, गुणकारी, माणसाचंच औषध. जनावर उठून उभं राहायचं, मालक खूश, मी खूश. मेलेली गुरं गिधाडं खायची आणि त्यांचं मूत्रपिंड निकामी व्हायचं. कारण २००४ साली उलगडलं, २००६ साली जनावरांसाठी ते बंद झालं, तोवर आकाश रिकामं झालेलं होतं. बंदीनंतरही माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जातच राहिल्या, शेवटी २०१५ साली ती बाटली ३ मिलीची करावी लागली. आपल्या मलबार हिलच्या डुंगरवाडीवर, जिथे पारशी आपले मृतदेह गिधाडांसाठी ठेवतात, गिधाडं उतरेनाशी झाली, त्यात माझ्याही सुईचा वाटा आहे. तेव्हापासून “माणसाला चालतं मग जनावराला काय होतंय” हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. एनालॅप्रिलने गिधाडं मरतात असं नाही म्हणत मी. औषध ज्याला देतो त्याच्यापाशी थांबत नाही, एवढंच.

आता भावाने करायचं काय. इथे जरा सविस्तर लिहितो, कारण गोळी नको म्हटल्यावर त्याच्या हातात दुसरं काही द्यायला हवं.

पहिलं म्हणजे २२ आणि १४ हे आकडे सुटे करायचे. तुमच्या पत्रात दोन आजार एकात मिसळलेत. पोट फुगून मरतो तो जलोदर. धडधाकट असताना फडफडून उताणा पडतो तो वेगळा, त्याला सडन डेथ म्हणतात. बहुतेक नर, बॅचमधले सगळ्यात जोमदार, गळ्याखालची पिशवी दाण्याने भरलेली, पोटात पाण्याचा थेंब नाही. त्यात हृदयाचा ताल अचानक बिघडतो. दोन्हींचा बाप एकच, सुसाट वाढ, पण वहीत दोन रकाने हवेत. नाहीतर काय कमी झालं आणि कशाने, ते कधीच कळणार नाही.

दुसरं. मेलेल्या सात-आठ पक्ष्यांची हृदयं काढायची आणि सोनाराकडे असतो तसला छोटा डिजिटल काटा घ्यायचा, भांडुपला कुठेही मिळेल, तुम्हाला न्यायचंच असेल तर तो न्या. हृदयाची वरची पातळ दालनं आणि चरबी कापून टाकायची. खालचा स्नायूचा भाग तेवढा वजन करायचा, निरोगी पक्ष्यात हे जेमतेम सात-आठ ग्रॅमचं प्रकरण असतं. मग उजव्या दालनाची भिंत कात्रीने सोडवून तिचं वेगळं वजन. उजवी भिंत एकूण वजनाच्या पाव हिश्श्याहून बरीच जास्त भरली, तर फुप्फुसातल्या दाबाचा पुरावा हातात आला. मी हे तरुणपणी शेडच्या ओट्यावर बसून पेपरवर केलंय. याला प्रयोगशाळा लागत नाही, हात न थरथरणारा माणूस लागतो. हातमोजे मात्र घालायला सांगा.

आणि मरतूक एकाएकी शेकड्यांवर गेली, तर हे सगळं बाजूला ठेवून त्याच तासाला सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायचं. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू निघाला होता हे अजून कुणी विसरलेलं नाही. तेव्हा स्वतः फाडाफाडी करायची नाही.

तिसरं, पडदे. पैज लावून सांगतो, रात्री तो पडदे जमिनीपासून आढ्यापर्यंत आवळून बांधत असणार. थंडी लागू नये म्हणून. आत चार हजार जीव श्वास घेतायत, तूस ओलं, कदाचित कोपऱ्यात कोळशाची शेगडीही. थंडीपासून वाचवताना प्राणवायूच तोडला. पडदा खालून बंद हवा आणि वरून वीतभर उघडा, दोन्ही बाजूंनी, म्हणजे घाण हवा वरून निघून जाते आणि वारा थेट पक्ष्यांच्या अंगावर येत नाही. गठ्ठा झालेलं तूस उचलून बाहेर, बाकीचं रोज खालीवर करायचं. पक्षी आत असताना तुसावर चुना मारत असेल तर थांबवा. चुन्याने तूस कोरडं दिसतं, पण अमोनिया उलट जास्त उडतो.

दिवे. रात्रभर बल्ब चालू ठेवून पक्ष्यांना खायला लावायचं ही सगळीकडचीच सवय. त्यांना अंधार द्या. आज दोन तास, मग वाढवत पाच-सहा तास. अंधारात पक्षी निजतो, प्राणवायूची मागणी उतरते. वजन दोन दिवस मागे पडल्यासारखं दिसेल, त्याला घाबरू नये.

खरं तर या बॅचची चूक २४व्या दिवशी झालेलीच नाही. पहिल्या दहा दिवसांत झाली. ब्रूडिंगमध्ये, म्हणजे पिल्लांना ऊब द्यायच्या त्या दिवसांत, थंडी लागली की तिचा हिशेब तीन-चार आठवड्यांनी निघतो. पहिल्या दिवशी पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर ३२-३३ अंश हवेत, पुढे दर आठवड्याला दोन-तीन अंश खाली. पुढच्या बॅचला, थंडी असेपर्यंत, दुसऱ्या आठवड्यात खाणं थोडं आवरायचं, दाबून दाणे केलेल्या खाद्याऐवजी भरड चालेल का ते सुपरवायझरला विचारायचं. तेवढ्या दिवसांत फुप्फुस आणि हृदय अंगाला गाठतात, आणि अडवलेलं वजन पक्षी पुढे बरंचसं भरून काढतो.

सुपरवायझरचा विषय निघालाच आहे तर, त्याला टाकीत गोळ्या टाकल्याचं सांगावं लागेल. पक्षी कंपनीचे, खाद्य कंपनीचं, करारात बाहेरच्या औषधाला बहुतेक मनाई असते. भाऊ म्हणेल दोन स्ट्रिपचं कशाला सांगायचं. जलोदर बॅचभर असेल तर पिल्लांच्या वाणाचा, खाद्यातल्या मिठाचा, हॅचरीचाही प्रश्न असू शकतो, आणि तो कंपनीकडे मांडायचा तर याची वही स्वच्छ हवी. गोळी लपवली तर सगळं बालंट त्याच्यावर येईल.

भावाला दुखवायचं नाही म्हणता. मग त्याला औषधावरून बोलूच नका. आबांवरूनही शेडमध्ये बोलू नका, ते घरात, जेवण झाल्यावर. शनिवारी रात्री मुक्कामाला राहा आणि रविवारी पहाटे पाचला, पडदे उघडायच्या आधी, त्याच्याबरोबर शेडमध्ये जा. दारात उभं राहून काही कळणार नाही. आत मधोमध जाऊन उकिडव्या बसा, नाक कोंबडीच्या उंचीवर आणा आणि चार-पाच श्वास घ्या. भावाचं नाक रोज त्यातच असतं, त्याला अमोनिया येईनासा झालेला असतो. तुमचं नाक भांडुपचं आहे, धुराला सरावलेलं, पण अमोनियाला नाही. डोळ्यांत पाणी आलं तर पुसू नका, त्याला दिसू द्या. मग दोघं मिळून पडदा वरून वीतभर सोडा आणि सोमवारपासून रोज रात्री मला दोन रकान्यांचे आकडे पाठवा, फुगलेले किती, उताणे किती.